‘कधीकधी अडकतं’: एम्बेडेड आणि ओपन सोर्समधल्या करिअरबद्दल

प्रश्न थोडक्यात असा आहे: तीन वर्षं वेब बॅकएंडचं काम झालंय, पदवी इलेक्ट्रॉनिक्सची होती पण त्यातलं बरंचसं विसरायला झालंय, आता एम्बेडेडमध्ये, म्हणजे उपकरणांच्या आत चालणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, यायचं मनात आहे. सी भाषा किती यायला हवी, हार्डवेअर कितपत लागतं, ओपन सोर्समध्ये काम केल्याने नोकरी मिळताना खरंच फरक पडतो का, आणि वीस वर्षांनी माणूस या क्षेत्रात कुठे असतो?

मी या कामात वीसहून जास्त वर्षं आहे. आधी छोट्या मायक्रोकंट्रोलरवरचं (एकाच चिपमधल्या संगणकावरचं) फर्मवेअर, मग बूटलोडर (यंत्र सुरू करणारा कोड) आणि ड्रायव्हर (हार्डवेअर चालवणारा कोड), आणि गेली बरीच वर्षं लिनक्स कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा. माझ्या मते तुमचे चारही प्रश्न एकाच कौशल्यापाशी येऊन थांबतात. कुणीतरी येऊन सांगतं, ‘कधीकधी अडकतं.’ या दोन शब्दांचा असा एक परिच्छेद करता आला पाहिजे, की जो वाचून दूरवरचा, तुम्हाला ओळखतही नसलेला माणूस आपल्या टेबलावर तीच गोष्ट पडताळून बघू शकेल. टेबलावर बग शोधताना हेच लागतं आणि ओपन सोर्स प्रकल्पाला पॅच (कोडमधला बदल) पाठवताना मेंटेनर, म्हणजे तो प्रकल्प सांभाळणारा, हेच मागतो. चिप आणि भाषा बदलत राहतात.

माझंच उदाहरण देतो, जरा लांबेल.

एका उपकरणात आयटूसी बसवर (चिपांना जोडणाऱ्या दोन तारांवर, एक क्लॉकची, एक डेटाची) तापमानाचा सेन्सर होता. बाहेर बसवलेल्या नगांपैकी थोडे नग आठवड्या-दोन आठवड्यांनी मुके व्हायचे. वॉचडॉग, म्हणजे प्रोसेसर अडकला की त्याला रिसेट करणारा टायमर, होता, तो इमानेइतबारे रिसेट द्यायचा, आणि रिसेट होऊनही उपकरण परत तिथेच अडकायचं. वीज बंद करून चालू केली की ठणठणीत. मी आधी तेच केलं जे सगळे करतात: सेन्सर वाचायच्या आधी दहा मिलिसेकंदांचा डिले टाकला. महिनाभर तक्रार आली नाही. मी स्वतःची पाठ थोपटून घेतली. मग तक्रारी परत सुरू झाल्या.

शेवटी एक अडकलेला नग वीज न तोडता, बॅटरी जोडून, टेबलापर्यंत आणला. हे सांगायला सोपं आहे. तोवर प्रत्येक वेळी कुणीतरी ‘चालू होतंय का बघू’ म्हणून स्विच बंद करायचं आणि पुरावा पुसला जायचा. ऑसिलोस्कोपचा (व्होल्टेजचा आलेख दाखवणाऱ्या यंत्राचा, थोडक्यात स्कोपचा) प्रोब लावला तर क्लॉकची लाइन वर आणि डेटाची लाइन सपाट शून्यावर.

आयटूसीच्या दोन्ही लाइन ओपन-ड्रेन असतात. बसवरचं कुणीही लाइन खाली ओढू शकतं, वर मात्र कुणी ढकलत नाही. ते काम पुल-अप रेझिस्टरचं. सेन्सर एक बाइट पाठवत असताना, नेमका शून्याचा बिट लाइनवर असताना, प्रोसेसर रिसेट झाला होता. सेन्सरला रिसेटची पिन नव्हती आणि त्याची वीजही गेली नव्हती. तो पुढच्या क्लॉकची वाट बघत डेटा लाइन खाली धरून बसला. प्रोसेसर उठून बघतो तर बस व्यस्त, म्हणून तो बस मोकळी व्हायची वाट बघत बसला. वॉचडॉगने शंभरदा रिसेट दिला तरी तो प्रोसेसरलाच मिळणार, सेन्सरपर्यंत पोचणारच नाही.

उपाय आयटूसीच्या अधिकृत स्पेसिफिकेशनमध्ये लिहिलेलाच होता: क्लॉकच्या लाइनवर नऊ पल्स सोडा. आठ बिट आणि एक अ‍ॅक्नॉलेज. सेन्सर बाइटमध्ये कुठेही अडकलेला असला तरी एवढ्यात लाइन सोडतो. मी तो दस्तऐवज तोवर दहा वेळा उघडला होता, पण दर वेळी टायमिंगच्या तक्त्यापुरताच. आणि पहिला रिसेट कशामुळे? शेजारचा रिले (विजेवर चालणारा स्विच) सुटताना पुरवठ्याचा व्होल्टेज क्षणभर घसरायचा आणि प्रोसेसरचा ब्राउन-आउट रिसेट लागायचा. सेन्सर त्याहून कमी व्होल्टेजवरही तग धरायचा, म्हणून तो शुद्धीवरच असायचा. माझ्या डिलेचा या सगळ्याशी काडीचा संबंध नव्हता.

आता यात ओपन सोर्स कुठे आलं? त्याच कुटुंबातला प्रोसेसर आमच्या दुसऱ्या एका उत्पादनात लिनक्सवर चालत होता. लिनक्सच्या आयटूसी कोअरमध्ये अडकलेली बस सोडवायची सोय आहे, पण आमच्या कंट्रोलरच्या ड्रायव्हरने ती जोडून घेतलेली नव्हती. वीसेक ओळींचं काम. मी पॅच पाठवला, वर एक ओळ लिहिली: ‘बस अडकते ते दुरुस्त केलं.’

मेंटेनरचं उत्तर दोन दिवसांत आलं, त्यात चार प्रश्न. कोणत्या बोर्डावर? किती वेळाने? स्कोपवर काय दिसलं? हे फक्त रिसेटनंतर होतं की चालू असतानाही? पहिल्या तिन्हींची उत्तरं माझ्याकडे होती, फक्त लिहिली नव्हती. चौथ्याचं नव्हतं. मग एक छोटा सेटअप केला: सेन्सर वाचता वाचता मध्येच, वेगवेगळ्या क्षणी, रिसेटची पिन ओढायची, आणि हे रात्रभर. सकाळी लॉगमध्ये कारण आणि परिणाम शेजारी शेजारी उभे. चौथ्या आवृत्तीत पॅच स्वीकारला गेला. पहिल्या आणि चौथ्या आवृत्तीच्या कोडमध्ये फरक दोन-तीन ओळींचा होता. कमिट मेसेज, म्हणजे बदलासोबतची टीप, मात्र एका ओळीवरून चार परिच्छेदांवर गेला होता. मला तेव्हा याचा राग आला होता. वर्षभराने दुसरं कुणी त्याच ड्रायव्हरमध्ये बदल करताना माझ्या मेसेजमधला मुद्दा उचलून ‘ही ओळ काढू नका’ म्हणालं, तेव्हा राग गेला.

आता सी. भाषा म्हणून ती लहान आहे, तुम्हाला दोन महिन्यांत लिहिता येईल. वेळ जातो तो भाषेच्या काठावरच्या गोष्टींत: कंपायलरने काय गाळलं, लिंकरने काय कुठे ठेवलं, स्ट्रक्चरमध्ये रिकामी जागा कुठे सोडली, लहान टाइपचे पूर्णांक बेरजेआधी गुपचूप मोठे कसे होतात. ‘व्होलटाइल’ (हे व्हेरिएबल कधीही बदलू शकतं, दर वेळी नव्याने वाच, असं कंपायलरला सांगणारा शब्द) यावरून मी मुलाखतीत हमखास विचारतो. इंटरप्टमध्ये, म्हणजे हातचं काम थांबवून मध्येच चालणाऱ्या कोडमध्ये, बदलणारं व्हेरिएबल व्होलटाइल करायचं हे बहुतेकांना माहीत असतं. व्होलटाइल केलं म्हणून ते अ‍ॅटॉमिक होत नाही, म्हणजे एका दमात वाचलं-लिहिलं जाईलच असं नाही, हे निम्म्यांना माहीत नसतं. आठ बिटी प्रोसेसरवर सोळा बिटांचा काउंटर दोन घासांत वाचला जातो. पहिला घास घेतला आणि मध्येच इंटरप्ट आला, तर ०x००एफएफ आणि ०x०१०० यांच्या मध्ये तुम्हाला ०x०१एफएफ किंवा ०x००००सुद्धा वाचायला मिळू शकतं. महिन्यातून एकदा. ग्राहकाकडे. मॅप फाइल (लिंकरने काय कुठे ठेवलं त्याची यादी) वाचायला शिका, आणि कॉर्टेक्स-एम प्रोसेसर वापरत असाल तर हार्डफॉल्ट (प्रोसेसरला पुढे जाता येत नाही अशी चूक) आल्यावर स्टॅकवर ढकललेल्या आठ रजिस्टरांतून प्रोग्राम काउंटर (कोड कुठे होता तो पत्ता) कसा काढायचा हे एकदा हाताने करून बघा. बाकी सी सगळी याच्या आजूबाजूला येते.

रस्ट या भाषेबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण कुणीतरी विचारेलच. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या लिनक्स ६.१ पासून कर्नलमध्ये रस्टला जागा मिळाली आहे आणि ती वाढते आहे. शिका. मात्र चिप बनवणाऱ्यांचा सांगाडा-कोड, त्यांची उदाहरणं आणि जुन्या उत्पादनांचा डोंगर सीमध्ये आहे, आणि नोकरीच्या पहिल्या दिवशी तुमच्या हातात तोच डोंगर येणार.

हार्डवेअर किती? बोर्ड डिझाइन करता यायची गरज नाही. स्किमॅटिक (सर्किटची आकृती) वाचता यावी, मल्टिमीटर आणि स्कोप धरता यावा, बारीक तार सोल्डर करता यावी. आणि थोडं ओहमच्या नियमाइतकं गणित. लॉजिक अ‍ॅनालायझर स्वस्त आणि सोयीचा, सिग्रोकसारखं मुक्त सॉफ्टवेअर त्याला जोडलं की आयटूसीचे बाइट सरळ वाचता येतात. पण तो फक्त शून्य आणि एक दाखवतो, आणि कित्येकदा आजार मधल्या चढात असतो. समजा पुल-अप १० किलोओहमचा आहे आणि लाइनवर एकूण १०० पिकोफॅरड कपॅसिटन्स आहे. गुणाकार केला तर एक मायक्रोसेकंद. लाइन ३० टक्क्यांवरून ७० टक्क्यांपर्यंत चढायला साधारण ८५० नॅनोसेकंद. बस १०० किलोहर्ट्झने चालत असेल तर १००० नॅनोसेकंदांची मुभा आहे, म्हणजे पास. ४०० किलोहर्ट्झला मुभा फक्त ३०० ची. ‘स्पीड वाढवला की कधीकधी चुकीचं वाचतं’ ही तक्रार घेऊन एखादा इंजिनिअर ड्रायव्हर चाळत आठवडा घालवतो, आणि उत्तर असतं एक २.२ किलोओहमचा रेझिस्टर. वेबमधून आलेल्या माणसाला सगळ्यात जड जातं ते हेच: खालचा थर खोटं बोलू शकतो हे मान्य करणं. डेटाशीटसुद्धा (चिपचं माहितीपत्रक) खोटं बोलते. म्हणून चिपची इरॅटा शीट, म्हणजे माहीत असलेल्या चुकांची यादी, डेटाशीटच्या आधी उघडायची.

वेळेबद्दल थोडं, कारण या क्षेत्रातले माझे आवडते बग तिथेच राहतात. ३२ बिटांत मिलिसेकंद मोजले तर काउंटर ४९ दिवस १७ तासांनी शून्यावर येतो. उत्पादन बाजारात सोडण्याआधी ५० दिवस सलग चाचणी सहसा कुणी घेत नाही, त्यामुळे हा बग आपल्या घरी सहसा दिसत नाही. २०१५ साली बोइंग ७८७ बद्दल अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामकाने आदेश काढला: विमानाची वीज सलग २४८ दिवस चालू राहिली तर जनरेटरची नियंत्रण युनिट बंद पडू शकतात. सेकंदाच्या शंभराव्या भागात मोजणारा ३१ बिटांचा काउंटर नेमका तेवढ्यातच भरतो. दुरुस्ती बहुतेक वेळा एका ओळीची असते: ‘आत्ताची वेळ मुदतीपेक्षा मोठी आहे का’ असं न विचारता ‘आत्तातून सुरुवात वजा करून किती झाले’ असं विचारायचं, बिनचिन्हाच्या पूर्णांकांत ही वजाबाकी काउंटर उलटला तरी बरोबर येते.

मला ही युक्ती माहीत होती. पण कर्नल वाचताना जे सापडलं त्याने मी खुर्चीत सरळ बसलो. लिनक्समध्ये जिफीज नावाचा वेळेचा काउंटर शून्यापासून सुरू होतच नाही. तो मुद्दाम अशा आकड्यावर ठेवलेला असतो की ३२ बिटी यंत्र चालू झाल्यावर पाचच मिनिटांत तो उलटतो. म्हणजे ज्याच्या ड्रायव्हरमध्ये हा दोष असेल त्याला तो पहिल्या चहाच्या आत दिसावा. हे मला कुणी वर्गात शिकवलं नाही, आणि कंपनीच्या बंद कोडमध्ये मी ते कधी पाहिलंही नव्हतं. ओपन सोर्सचा माझ्या लेखी पहिला फायदा हा: तुमच्याहून हुशार माणसांनी कोणत्या खड्ड्यात पडून काय शिकलं, ते कमिटच्या इतिहासासकट वाचायला मिळतं.

नोकरीत फरक पडतो का? पडतो, पण लोक समजतात तसा नाही. मुलाखतीआधी मी उमेदवाराच्या गिटहबच्या पानावरचे हिरवे चौकोन (रोजच्या कामाची नोंद) मोजत नाही. एक-दोन पॅचवरची चर्चा उघडतो. रिव्ह्यूत कुणी खोडून काढलं तेव्हा हा माणूस चिडला, पळाला, की मोजून परत आला? हे बायोडेटात लिहिता येत नाही आणि तासाभराच्या मुलाखतीत कळत नाही. स्पेलिंग सुधारणारे पॅच प्रक्रिया कळण्यासाठी एकदा ठीक. त्याचे चाळीस केले तर उलट शंका येते.

सुरुवात तुमच्याकडे जी चिप आहे तिथून करा. झेफर हा आरटीओएस (वेळेचं बंधन पाळणारी छोटी ऑपरेटिंग सिस्टीम) २०१६ पासून लिनक्स फाउंडेशनखाली आहे आणि नवख्यांसाठी तुलनेने मोकळा आहे. त्यात आपल्या बोर्डाचा एखादा सेन्सर चालत नसेल तर तिथे काम आहे. यू-बूट हा बूटलोडर आणि ओपनओसीडी हे डीबगिंगचं साधन, हेही बघा. कर्नलचं काम अजून ईमेलनेच चालतं: पॅच कुणाला पाठवायचा हे सांगणारी आणि मांडणी तपासणारी स्क्रिप्ट सोर्ससोबतच येते, नवी आवृत्ती साधारण नऊ-दहा आठवड्यांनी निघते, आणि नवीन गोष्टी आत घ्यायची खिडकी त्यातली पहिली दोनच आठवडे उघडी असते. पॅच आठवडाभर अनुत्तरित राहिला तर तो अपमान समजू नका. नम्रपणे आठवण करा. आणि कोड लिहायच्या आधी दुसऱ्याचा पॅच आपल्या बोर्डावर चालवून ‘तपासला, हे दिसलं’ असं कळवा. लिहिणारे भरपूर आहेत, तपासणारे नाहीत. मेंटेनर अशा माणसांची नावं लक्षात ठेवतो.

मार्च २०२४ मधलं एक्सझेडचं प्रकरण आठवतं? अनेक लिनक्स प्रणालींत वापरल्या जाणाऱ्या त्या कॉम्प्रेशनच्या लायब्ररीत कुणीतरी दोन वर्षं विश्वास कमावून चोरदार बसवलं होतं. ते सापडलं कारण आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दूरच्या संगणकात शिरायच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं आणि तो ते मोजत बसला. आणि ते घुसू शकलं, कारण तो प्रकल्प एक थकलेला माणूस एकटा सांभाळत होता आणि त्याच्यावर मेंटेनरपद वाटून घेण्यासाठी दबाव आणला गेला. फुकटच्या मेंटेनरशी आपण कसं वागतो याचा विचार मी तेव्हापासून जास्त करतो.

एक रूक्ष पण महत्त्वाची गोष्ट. पॅच पाठवण्याआधी नोकरीचा करार वाचा आणि कंपनीकडून लेखी परवानगी घ्या, रात्री घरी बसून केलेल्या कामासाठीसुद्धा. कर्नलमध्ये पॅचखाली ‘साइन्ड-ऑफ-बाय’ लिहून सही करावी लागते, २००४ पासून. त्याचा अर्थ ‘हा कोड द्यायचा मला हक्क आहे’ असा आहे. तो शिष्टाचाराचा शिक्का नाही. उलट दिशेनेही सावध राहा: जीपीएल या लायसन्सचा कोड उत्पादनात गेला की सोर्स द्यावा लागतो. लिंकसिसच्या डब्ल्यूआरटी५४जी राउटरमध्ये लिनक्स असल्याचं लोकांनी ओळखलं, २००३ मध्ये सोर्स बाहेर आला, आणि त्यातून पुढे ओपनडब्ल्यूआरटी हे राउटरचं मुक्त फर्मवेअर उभं राहिलं. उत्पादनात काय काय लायसन्स आहेत याची यादी ठेवणारा फर्मवेअर इंजिनिअर कंपनीला सोन्याच्या मोलाचा वाटतो, विशेषतः वकिलाचं पत्र आल्यावर.

तोटे लपवत नाही. सुरुवातीचा पगार वेबच्या तुलनेत बहुधा कमी असेल. बोर्ड टेबलावर असतो, म्हणून घरून काम करणं अर्धवटच जमतं. हार्डवेअर उशिरा येतं आणि फर्मवेअरची तारीख मात्र हलत नाही. बाहेर गेलेलं उत्पादन दहा-पंधरा वर्षं जगतं, आणि पहिल्या वर्षी तुम्ही घाईत लिहिलेली ओळ बाराव्या वर्षी तुम्हालाच फोन करते.

वीस वर्षांनी माणूस कुठे? काही जण आर्किटेक्ट होतात, काही व्यवस्थापनात जातात, काही माझ्यासारखे एखाद्या उपप्रणालीला चिकटून राहतात. इथे कामाचा वेग वेगळा आहे एवढं धरून चाला. लिनक्सला रिअल-टाइम (ठरलेल्या वेळेत हमखास उत्तर देणारं) करणारं प्रीएम्प्ट-आरटीचं काम २००४ च्या सुमाराला सुरू झालं आणि त्याचा शेवटचा मोठा तुकडा मुख्य कर्नलमध्ये गेला २०२४ मध्ये, ६.१२ आवृत्तीत. थॉमस ग्लाइक्सनरसारखी माणसं त्यात पहिल्यापासून शेवटपर्यंत होती. दर दोन वर्षांनी फ्रेमवर्क बदलायची सवय असलेल्याला हे चमत्कारिक वाटेल. मला यातच सुख आहे. तुम्हाला असेलच असं नाही, आणि हे आधी ओळखलेलं बरं.

आणखी एक प्रसंग, माझा नाही. जुलै १९९७ मध्ये नासाचं मार्स पाथफाइंडर यान मंगळावर उतरल्यावर त्याचा संगणक मध्येच रिसेट व्हायला लागला. कमी प्राधान्याचा हवामानाचा टास्क एक म्युटेक्स (एका वेळी एकालाच मिळणारं कुलूप) धरून बसायचा, मधल्या प्राधान्याचे टास्क त्याला पुढे सरकू द्यायचे नाहीत, आणि वरच्या प्राधान्याचा बसचा टास्क त्या म्युटेक्ससाठी ताटकळायचा. याला प्रायॉरिटी इन्व्हर्जन म्हणतात, पाठ्यपुस्तकात सापडतं. मला त्यातला दुसरा भाग जास्त मोलाचा वाटतो: त्यांनी उड्डाणाच्या सॉफ्टवेअरमधली ट्रेस घेण्याची सोय काढून टाकली नव्हती, आणि तसंच यंत्र पृथ्वीवर ठेवलं होतं. त्यावर दोष पुन्हा घडवून आणला, म्युटेक्सची प्रायॉरिटी इनहेरिटन्स (कुलूप धरणाऱ्याला ताटकळणाऱ्याचं प्राधान्य देणं) चालू केली आणि तो बदल मंगळावर पाठवला. उत्पादनातून लॉगिंग ‘जागा वाचवायला’ काढून टाका असं कुणी म्हणालं की मी हीच गोष्ट सांगतो.

तुमच्याकडे आत्ता एखादा बोर्ड पडून असेल तर अभ्यासक्रमांची यादी बनवत बसू नका. त्यावर चालणारं कुठलंही मुक्त फर्मवेअर घ्या, त्याचा ३२ बिटी मिलिसेकंदांचा काउंटर सुरुवातीला शून्यावर कुठे ठेवला जातो ते शोधा, आणि तिथे शून्याऐवजी उलटायला पाच मिनिटं उरतील असा आकडा घाला: ४२९४९६७२९६ वजा ३०००००. बोर्ड चालू करून समोर बसा. सहाव्या मिनिटाला काय बंद पडलं, कुठल्या ओळीवर, दर वेळी की कधीकधी, हे लिहून काढा, आणि ते त्या प्रकल्पाच्या मेंटेनरला पाठवा.